कोऱ्या चहाचं घर

कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढता काढताच आमच्या क्लार्कबाई बोटाच्या पेरानं भिंत वाजवायच्या. कान देऊन ऐकायच्या आणि यजमानांसमोरच सांगायच्या, "पोकळ हाय की. गिलावा सुटलाय." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना चहाला बोलवायचं म्हणजे धास्तीच.

आमच्या शाळेच्या ऑफिसात त्या क्लार्क, मी शिक्षिका. शुक्रवार पेठेतलं एक जुनं, दक्षिणेकडे दार असलेलं घर त्यांनी घेतलं, तेव्हा सगळी स्टाफरूम हसली. सगळ्यात जास्त मी. ते घर आधी आम्ही पाहिलं होतं आणि दार दक्षिणेला म्हणून ह्यांनी नको म्हटलं होतं. या बाईंनी काय करावं? ते दार बुजवलं आणि पूर्वेला, बोळाच्या बाजूनं, नवं पाडलं. झालं! एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, म्हणून मला कितीतरी दिवस जेवण गोड लागलं नाही.

घर दुरुस्त करायचं, नफ्यात विकायचं आणि जुळे सोलापुरात राहायला फ्लॅट घ्यायचा, असा त्यांचा बेत. रविवारी मी 'सहज' डोकावायची. खरं तर खोट काढायला. खोट काही सापडायची नाही. ओट्याला काळा कडप्पा, वर बोळाकडे उघडणारी खिडकी, सगळं मला हवं होतं तस्सं. माझ्या पोटात दुखायचं, अगदी खरोखर.

चहा मात्र तिथं कोराच मिळायचा. गवंडी कुरकुरायचे. मीही एकदा टोचलं, "दुधातसुद्धा काटकसर?"

त्या ओशाळल्या. "तसं न्हाई वो, टीचर. हितं दूध तापवलं आन् उतू गेलं, की घर आपलंच झालं की. मग माज्यानं विकवंल का?"

मी हसले. मनात म्हटलं, नाहीच विकलं गेलं तर बरं होईल.

विकलं गेलं. आणि चांगल्या नफ्यात. घेणाऱ्यांचं नव्या पेठेत कापडाचं दुकान होतं. वास्तुशांतीला त्यांनी आम्हा दोघींनाही बोलावलं. मालकीणबाई क्लार्कबाईंना प्रेमानं म्हणाल्या, "दूध तुमीच ठेवा की. तुमच्या हाताला लई यश हाय."

नाही कसं म्हणणार? त्यांनी दूध ठेवलं. साय थरथरली, दूध पातेल्याच्या काठाला आलं आणि त्यांनी चटकन गॅस बंद केला.

मालकीणबाईंचा चेहरा पडला. "अगं बाई, काय झालं माज्याकडनं," असं पुटपुटत क्लार्कबाई पदर डोळ्यांना लावून बाहेर गेल्या.

मीच पुढं झाले, गॅस पेटवला. दूध ओट्यावर उतू गेलं, सगळ्यांना हायसं वाटलं. खिडकीतून त्या दिसत होत्या, बोळातून मागं न बघता भराभरा चाललेल्या.

त्यांच्या नफ्याचा मला हेवा होताच, होऊ घातलेल्या फ्लॅटचाही होता. पण त्या दिवशी वाटला तेवढा कधीच वाटला नाही. सोडताना रडू यावं असं घर त्यांना मिळालं होतं. आम्ही आजवर पाच घरं बदलली, सगळी भाड्याची, आणि एकदाही माझे डोळे भरून आले नाहीत.