हिचा आवाज

आमच्या भावोजींना अख्खी गल्ली 'डबल' म्हणते. छत्र्या दोन, चष्मे दोन, घराच्या किल्ल्या दोन. आणि त्या दोन्ही किल्ल्या एकाच खिशात, हे आणखी वर! जन्म वीजमीटर दुरुस्त करण्यात गेला. "दुसरं हाताशी असलं की पहिल्याची भीती नाही," हे त्यांचं पालुपद. मी त्यांची मेहुणी, चिडवायचा हक्क माझाच. "मग बायको तेवढी एकच कशी हो केलीत?" असं विचारलं की ताई आतून गरजायची, "ऐकू येतंय मला!" आवाज असा की तीन घरं पलीकडचं कुत्रं उठून बसावं.

त्याच ताईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. लेकीला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. ताई म्हणाली, "नातवंडाला मुकी आजी मिळायची नाही." मग ऑपरेशनच्या आधी रोज दुपारी खुर्चीत बसून तिनं गोष्टी, अंगाया, लेकीला द्यायच्या चार शिव्यासुद्धा बोलून ठेवल्या. भावोजी फोनवर रेकॉर्ड करायचे, घरच्या नेटवर्कला जोडलेल्या काळ्या डब्यात साठवायचे आणि जागा हवी म्हणून फोनवरचं पुसून टाकायचे. काळजी कसली? डब्यातलं सगळं रोज आपोआप दुसऱ्या डिस्कवर उतरायचं. डबल!

ऑपरेशन झालं. इस्पितळाच्या धावपळीत डब्याकडे बघतंय कोण? घरी आल्यावर भावोजींनी पाहिलं तर पहिल्या रेकॉर्डिंगपासून रोजच 'बॅकअप अपूर्ण'. दुसऱ्या दिवशीही तेच. केबल बदलली, दुसरी होतीच. राउटर बंद करून चालू केला, पासवर्ड नव्याने टाकला, नक्कल उतरवून घेणारी डिस्कच नवी आणली. गाडी दरवेळी एकाच फोल्डरपाशी अडायची. त्याला त्यांनी नाव दिलं होतं, 'हिचा आवाज'. माणूस हट्टी! 'पुन्हा प्रयत्न करा' या बटणावर बोट ठेवून दिवस दिवस बसायचे. ताई टाळी वाजवून जेवायला बोलवायची. "आलोच गं, होतंय बघ," म्हणायचे आणि ताट निवून जायचं.

शेवटी मीच डबा उचलला आणि त्यांना ओढत दुरुस्तीवालीकडे नेलं. तिनं तपासलं. म्हणाली, "काका, नक्कल घेणाऱ्या डिस्कला काही झालंच नव्हतं. डब्यातलीच डिस्क मरायला टेकली होती. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" मग जरा चाचरत, "आणि अशी डिस्क पुन्हा पुन्हा वाचायला लावली ना, की आणखी बिघडते."

"म्हणजे मीच?" भावोजी म्हणाले.

ती बिचारी डब्याची वायर गुंडाळत बसली. देवा रे, मला तर तिथे उभं राहवेना.

तिनं जमेल तेवढं वाचवलं. विजेची जुनी बिलं, मिक्सरचं वॉरंटी कार्ड, माझे नको ते फोटो, सगळं सुखरूप आणि तेही डबल. मेल्या बिलांना काय जाळायचंय? ताईचा मात्र एकच तुकडा हाती लागला, अगदी पहिल्या दुपारचा.

घरी येऊन जेवणाच्या टेबलावर तो फोनवर लावला. खुर्ची सरकली. मग ताईचा तो खणखणीत आवाज आला, "अहो, चालू झालं का?" समोर बसलेल्या ताईचे ओठ त्याबरोबर हलले. मी तोंडावर हात दाबून धरला.

"झालं गं," फोनमधले भावोजी म्हणाले. "बोल आता."

पुढे काही नव्हतं.

भावोजींचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं. "मीच घालवला गं तुझा आवाज," म्हणाले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. ताईनं त्यांची समजूत घालायला तोंड उघडलं. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं नुसतं त्यांचं बोट मुठीत घट्ट धरून ठेवलं.