स्टँडच्या मधल्या रांगेत

मी गोल्फ खेळते म्हटलं की मला ओळखणारी माणसं आधी हसतात. गोल्फमध्ये बोलायचं नसतं, आणि मी तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असतानाही बोलते. पण खेळते हो. हे गेल्यावर ह्यांची गोल्फची बॅग गॅरेजमध्ये तशीच उभी होती. तिच्याकडे बघून बघून एक दिवस मीच ती उचलली. आतल्या क्लबच्या काठ्या माझ्या उंचीला लांब पडत होत्या, त्या कापून घेतल्या. आता इथे टेक्सासमध्ये, शुगर लँडला, आम्ही चार बायका दर मंगळवारी, ऊन चढायच्या आत, नऊ होल खेळतो. दोघींचे गुडघे बदललेले, एकीला बॉल कुठे पडला ते दिसत नाही, तिला मी सांगते. मग कोणाच्या तरी घरी पोहे आणि चहा. मी माझी गाडी चालवत जाते आणि माझी गाडी चालवत घरी येते. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

माझा मुलगा रेडमंडला असतो, विमानानं चार तास लांब, सॉफ्टवेअरमध्ये. जन्म इथलाच, अमेरिकेतला. मराठी समजतं त्याला, बोलतोही, पण पाहुण्याच्या घरी चमचा उचलावा तसं जपून. वसंतात त्याचा फोन आला, "आई, गेस व्हॉट! तिकिटं मिळाली." गोल्फच्या मोठ्या चार स्पर्धांपैकी एक त्यांच्या बाजूला होणार होती, समुद्रकाठच्या लिंक्स कोर्सवर. टीव्हीवर जे बघत मी भाज्या निवडते, ते प्रत्यक्ष बघायला मिळणार! जून लागताच मी विमानात बसले.

लिंक्स कोर्स म्हणजे झाड म्हणून नाही. वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर गुडघाभर पिवळं गवत, आणि समुद्रावरून येणारा वारा की डोक्यावरची टोपी हातानंच धरून ठेवायची. आमच्या टेक्सासच्या हिरव्यागार कोर्सची सवय, मला तर वाटलं ह्यांनी पाणी घालायचंच बंद केलंय. गाडी लांब लावून बसनं आत न्यायचे. बॅगा तपासल्या, माझा चिवड्याचा डबा बाहेरच राहिला. चढण चढून चढून माझ्या पोटऱ्या भरून आल्या तेव्हा मुलगा म्हणाला, "आता बसूया. इथून बेस्ट व्ह्यू आहे."

एका ग्रीनमागे, म्हणजे होलभोवती बारीक कापलेलं गवत असतं त्याच्यामागे, उंच स्टँड होता. आम्हाला बरोबर मधल्या रांगेत, बरोबर मधोमध जागा मिळाली. दोन्ही बाजूंना लोक खेटून. खेळाडू ग्रीनवर आले की कोणी उठायचं नाही, बसायचं नाही, बोलायचं नाही. खाली एक मार्शल उभा होता, माझ्याच वयाचा, पांढऱ्या मिशांचा. त्यानं दोन्ही हात वर केले की शेकडो माणसं एकदम गप्प. ते बघून मला मौज वाटली. मुलगा कानात म्हणाला, "आई, हे तुझ्यासाठी टफ आहे, यार."

"गप रे."

दोन खेळाडूंच्या मध्ये थोडा वेळ मिळाला तेव्हा त्यानं फोन काढला. "सरप्राइज." फोटो होता. त्यांची खालच्या मजल्यावरची खोली, जिच्यात व्यायामाची सायकल असायची. सायकल नव्हती. भिंती फिक्या पिवळ्या रंगवलेल्या, बाथरूममध्ये धरायला दांडे. माझी अमेरिकन सून शिडीवर चढलेली, नाकाला रंग लागलेला, हसत होती.

"छान झालीय. कोणासाठी?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुझ्यासाठी. हू एल्स?"

"मी तर मागच्या वेळी वरच्याच खोलीत झोपले होते. मला काय झालंय?"

"व्हिजिटसाठी नाही. तू येतेयस ना राहायला. फॉर गुड. तू येस म्हणालीस."

"मी? कधी?"

मार्शलचे हात वर.

काय सांगू, माझं अख्खं वाक्य तोंडातच राहिलं. खाली एक उंच खेळाडू चढावर पट मारत होता, म्हणजे बॉल हलकेच होलकडे ढकलत होता. बॉल होलच्या अगदी जवळ गेला, विचार केल्यासारखा थांबला आणि वाऱ्याबरोबर घरंगळत परत त्याच्या पायाशी आला. लोक हळहळले. त्यानं पुन्हा मारला. बॉल पुन्हा खाली. एरवी मी पोट धरून हसले असते.

हात खाली आल्यावर मी म्हटलं, "कधी म्हणाले मी येस?"

"ख्रिसमसनंतर. एअरपोर्टवर. मी तुला ड्रॉप केलं तेव्हा विचारलं, आई, विल यू कम लिव्ह विथ अस? आणि तू म्हणालीस, येते. रूम सरप्राइज होती, म्हणून फोनवर काही बोललो नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी मागून गाड्या हॉर्न देत होत्या, पोलीस चला चला करत होता, मी बॅगेचं हँडल ओढत होते. त्यानं काय विचारलं ते मला ऐकूच आलं नव्हतं. मी आपलं म्हटलं, "बरं, येते हं मी." निघताना आणखी काय म्हणतात? जाते म्हणू? माझी आई तर जाते म्हटलं की परत आत बोलावून बसवायची. आणि हा पठ्ठ्या तिथेच मला मिठी मारून उभा राहिला, डोळे भरले त्याचे. मला वाटलं, वय वाढलं तसा हळवा झालाय पोरगा.

"अरे राजा, ते येते म्हणजे..."

हात वर.

पुढचे खेळाडू आले. मग त्याच्या पुढचे. मध्ये मिळेल तेवढ्या वेळात तो बोलत होता. शुगर लँडचं घर बघायला सोमवारी एजंट येणार. हवं ते सामान इकडे आणू, बाकीचं देऊन टाकू. "इकडे ड्राइव्ह करायची गरजच नाही तुला, आम्ही नेऊ ना वीकेंडला." वीकेंडला! त्यांच्या घरापासून भाजीचं दुकानसुद्धा मोठ्या उताराखाली, पावसात त्या रस्त्यावर गाडी घालायची माझी छाती होत नाही. मला त्या पिवळ्या भिंती दिसायला लागल्या आणि खिडकीशी बसून मंगळवार कुठला ते आठवणारी मी. डावीकडे एक धिप्पाड माणूस, उजवीकडे माझा मुलगा, पुढे डोकी, मागे गुडघे. उठून जावं तर जागा नाही. आणि सून शिडीवर चढून हसतेय. रागवायचं तरी कोणावर?

जितका वेळ गप्प बसेन तितकं त्याच्या मनात ते पक्कं होणार, एवढंच मला कळत होतं. एवढ्यात तो म्हणाला, "एजंटला आत्ताच कन्फर्म करतो," आणि अंगठा फोनवर फिरवायला लागला.

"मी येत नाहीये!"

नेमकी तेव्हा सगळीकडे शांतता होती. मार्शलचे हात वर होते ते मी बघितलेच नव्हते. माझा आवाज तुम्हाला माहीत नाही, आमच्या मराठी मंडळात मला माइक देत नाहीत, लागतच नाही. खालचा खेळाडू पट सोडून मागे सरला आणि वर बघायला लागला. अख्खा स्टँड माझ्याकडे वळला. मार्शलनं ओठावर बोट ठेवलं. धिप्पाड माणूस पुटपुटला, "मॅम, प्लीज."

"सॉरी, सॉरी," म्हणाला माझा मुलगा. लोकांना.

त्यानंतर आम्ही दोघं शेजारी शेजारी, दंडाला दंड लावून, तसेच बसून राहिलो. उठता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. त्याचा कान लाल झाला होता. लहानपणी रडू आवरताना व्हायचा तसा. मला एकीकडे सुटल्यासारखं वाटलं आणि एकीकडे वाटलं, हे काय करून बसले मी.

बऱ्याच वेळानं सगळे उठले तेव्हा आम्हीही उतरलो. बसच्या रांगेत मी त्याला सगळं सांगितलं, एअरपोर्ट, हॉर्न, येते म्हणजे काय. तो ऐकत होता.

"सो इट वॉज जस्ट बाय?"

"हो रे."

"बाबा पडले तेव्हा तू एकटी होतीस, आई. मी विमानात होतो. फोन बंद." मग मराठीत, शब्द शोधत, म्हणाला, "मला परत तसं नको."

  मी म्हटलं, "मला पण नको. पण त्याच्यासाठी आत्तापासून खोलीत जाऊन बसू का मी?"

 त्यानं माझं कोपर धरलं, गर्दीत धक्का लागू नये म्हणून. गाडीत बसल्यावर त्यानं एजंटला फोन केला. "वी आर कॅन्सलिंग मंडे," दोन वाक्यांत संपवलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. हायवेवर गाड्यांची रांग लागली होती, पुढे सरकायचं नाव नाही.

"आई."

"हं?"

"घरी गेल्यावर तिला तू सांग. रंग तिनं निवडलाय. सगळं तिनं केलंय."

"सांगते."

ती भली पोरगी मला आई म्हणते, आणि तिला मराठी येत नाही. तेव्हा हे इंग्रजीत सांगायचं होतं, तिला वाईट वाटणार नाही असं, आणि तरी नाहीचा अर्थ नाहीच कळेल असं. मी मनात एक वाक्य जुळवायची, पुसायची, दुसरं जुळवायची. रेडमंड आलं, त्यानं गॅरेजचं दार उघडलं, आत दिवा लागला, ती हात पुसत बाहेर आली. माझं वाक्य काही जुळलं नव्हतं.