माझाच भोपळा, माझीच बोली

साल २०२३. मला चौऱ्याहत्तरावं लागलेलं. चौथीनंतर शाळा सुटली आणि एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर जन्म गेला. पण बायबलातल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय आजही न अडखळता म्हणून दाखवतो. देवाने सहा दिवसांत सगळं केलं. त्यावर मला कोणी शिकवायला येऊ नये.

आली ती घरातलीच. धाकट्याची मुलगी. कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली, आणि चर्चमध्ये शब्बाथ शाळा घ्यायची, म्हणजे रविवारी उपासनेआधी लहान पोरांना बायबल शिकवायची. एका पोराने तिला विचारलं, डायनासोर कितव्या दिवशी केले? ही म्हणाली, देवाचा दिवस आपल्या घड्याळाचा नसेल. कोट्यवधी वर्षं लावून, एकातून एक असे जीव त्याने घडवले. झालं! त्या पोराची आई महिला मंडळाची पुढारी. ती थेट पाळकसाहेबांकडे गेली, की ही आमच्या पोरांना माकडाची अवलाद म्हणते.

पाळक म्हणाले, "कापणीचा सण होऊ द्या, मग चर्चच्या पंचांपुढे बसू." तोवर वर्ग बंद.

वर्गाचं सोडा. माझा थोरला असाच गेला. आधी प्रश्न, मग चारचौघांत कोणीतरी झापणं, मग दर रविवारी काही ना काही काम निघणं. त्यानंतर तो चर्चची पायरी चढला नाही. आता ही पण त्याच वाटेला लागते की काय, हीच धास्ती. जेवायला बसलो की हिच्याकडे बघायचो, ही प्रार्थनेला डोळे मिटते का? मिटायची. पण आत काय चाललंय, कोणाला ठाऊक.

शेवटी विचारलंच. "देवाला मानतेस ना गं?"

"मानते आजोबा. त्याने घाई केली नाही, एवढंच म्हणते. तुमचा भोपळा तरी एका दिवसात झाला का?"

"भोपळ्याचं माकड होत नाय."

ती हसली. मग म्हणाली, "सणाला मी येणार नाही. सगळे बघत बसतात."

"न येऊन कसं चालेल? भोपळा कोण उचलणार? माझी कंबर बघ."

आली बिचारी. परसातल्या वेलाचा तो भोपळा तिनेच स्कूटरवर पायांत धरून आणला, वेदीपुढे कणसं, द्राक्षं, कोंबड्यांच्या मध्ये ठेवला. उपासना झाली. मग आमच्या रिवाजाप्रमाणे अंगणात या सगळ्या अर्पणांचा लिलाव. त्यात एक नेम आहे, आपण वाहिलेल्या वस्तूवर आपण बोली लावायची नाही. देवाला दिलं ते दिलं.

आमचा भोपळा वर धरून पंच ओरडले, "बोला!"

कोणी बोलेना. एरवी भोपळ्यावरून बायका भांडतात. आज सगळ्या त्या पुढारणीच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि ती पदर सारखा करत होती. नात माझ्या शेजारी मान खाली घालून उभी. तिने पर्समधून हळूच स्कूटरची किल्ली काढली. आज गेली तर ही परत यायची नाही.

मी हात वर केला. "बोली माझी."

"अहो बाबा, तुमचाच भोपळा आहे!"

"देवाला दिला, आता देवाचा झाला. मी देवाकडून घेतो."

लोक हसायला लागले. पंचांनी विचारलं, "अजून कोणी?" कोणी नाही. म्हणून मी बोली वाढवली.

"बाबा, तुमच्यावर कोणी चढवलंच नाही!"

"मग मीच चढवतो. स्वस्तात जाऊ देणार नाय."

पाळकसाहेबांनी हसू दाबत घाईने एकवार, दोनवार, तीनवार करून टाकलं. नातीने तोंडावर हात धरला होता. "आजोबा, बसा आता. आपलाच भोपळा आणि आपल्यालाच महाग!" किल्ली पर्समध्ये परत गेली.

पण घरी आल्यावर म्हणाली, "पंचांनी माफी मागायला सांगितलं तर मी मागणार नाही. आणि मग पुन्हा जाणार नाही." हट्ट कुठून आला ते मला विचारू नका.

संध्याकाळच्या प्रार्थनेत, आज ती आली एवढ्याबद्दल देवाचे उपकार मानले. पुढचं मागायला जीभ धजली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोपळा कापला. मोठा अर्धा पिशवीत घातला आणि त्या पुढारणीच्या दारात गेलो.

"काका, भोपळा देऊन उत्पत्ती बदलत नसते."

"कोण बदलतंय? सहा दिवस म्हणजे सहा दिवस, मी पण तेच म्हणतो. पण बाई, असंच भांडण होऊन माझा एक गेला. दुसरी जाऊ देणार नाय. पंचांच्या आधी माझ्या घरी ये, पोराला घेऊन. त्याने विचारलेलं तुझ्यासमोर परत विचारू दे. ती काय सांगते ते तू ऐक, मी पण ऐकतो."

तिने पिशवी घेतली नाही. पण दारही लावलं नाही. मी पिशवी मांडीवर घेऊन तिथेच पायरीवर बसलो.