माळ्यावरची सुकेळी

काही गुन्ह्यांची फाइल बंद झाली की ते मनातूनही जातात. हा त्यातला नाही. निर्मळच्या रस्त्याने जाताना वाडीत केळीचे घड दिसले, की ती सगळी हकिगत मला जशीच्या तशी आठवते.

मी तेव्हा विरारला पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून बसलो होतो, तोच ठाण्याच्या ईमेलवर एक तक्रार आली. पाठवणारी निर्मळची तरुणी, आधी इथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवणारी. परदेशात शिक्षकाची नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एका ‘सरां’कडे तिने प्रशिक्षण घेतलं आणि सर्टिफिकेट मिळवलं. ‘आता टुरिस्ट व्हिसावर जा, वर्क परमिट तिथे गेल्यावर होईल,’ असं सरांनी सांगितलं आणि ती आग्नेय आशियातल्या एका देशात गेली. तिथल्या शाळेने परमिटसाठी कागद पाठवले, तेव्हा सर्टिफिकेट बनावट निघालं. ते देणारी संस्थाच कुठे नव्हती. शाळेने हात वर केले आणि व्हिसाही संपला. देश सोडायला जावं तर बनावट कागद वापरल्याचा ठपका तिच्यावरच येणार. ती गुन्हेगार नाही, फसवली गेली आहे, असं इथल्या पोलिसांनी पुराव्यानिशी कळवलं तर आपला दूतावास तिला बाहेर काढू शकत होता. शेवटी तिने लिहिलं होतं, ‘आईला कृपया कळू देऊ नका. तिला वाटतं मी मजेत आहे.’

गुन्हा दाखल केला. सरांचं विरारचं ऑफिस बंद, फोन बंद आणि नाव खोटं. अशा वेळी कॉम्प्युटरपेक्षा बाजार जास्त बोलतो. माझे हवालदार आगाशीच्या बाजारात दोन-चार ठिकाणी चहा प्यायले आणि खबर घेऊन आले. बाजारामागे एक मास्तर भाड्याने राहतो, परदेशात शिकवून आलोय म्हणतो, पण अनोळखी माणूस दिसला की दार लावून घेतो.

त्याला चौकशीला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. असल्या गोड बोलण्याचा मला पहिल्यापासून तिटकारा.

“सर, मी फक्त ट्युशन घेतो. या मॅडमना मी ओळखत पण नाही.”

पंचांसमक्ष घराची झडती घेतली. लॅपटॉप पुसलेला, कागदाचा कपटाही नाही. गडी पक्का होता. मग हवालदारांनी माळ्यावरून एक पत्र्याचा डबा उतरवला. आत सुकेळीच्या पुड्या होत्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: राजेळी केळी सोलून उन्हात सुकवतात, केळीच्याच वाळक्या पानात गुंडाळून सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीच्या, दोरीने बांधतात, ती सुकेळी. परदेशी असलेल्या लेकराला ती पोचली नाही तर इकडच्या आईला घास गोड लागत नाही.

“आमच्या वाडीची आहे,” तो म्हणाला.

“एकाच घरची ना? मग प्रत्येक पुडीची गाठ वेगळी कशी?”

या भागात इतकी वर्षं काढल्यावर एवढं मलाही कळत होतं. घरागणिक बांधायची रीत वेगळी असते. तो खाली बसला.

“मी तिकडे जाणार आहे असं सांगितलेलं,” तो अखेर म्हणाला. “म्हणून तिकडे गेलेल्या पोरींच्या आयांनी आणून दिली, त्यांना द्या म्हणून.”

“कागद जाळलेस, मग ही का नाही फेकलीस?”

“मीपण वाडीतलाच आहे, साहेब. दुसऱ्याच्या लेकरासाठी दिलेली. खाता येत नाही आणि टाकवतही नाही.”

तोही एकदा परमिटशिवाय शिकवायला गेला होता आणि पकडून परत पाठवला गेला होता. गावाला तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून तो नाव बदलून विरारला बसला. शिकवायचा मात्र मनापासून, हे त्या मुलीनेही लिहिलं होतं. मला त्याचा राग होता आणि कीवही आली. दोन्ही एकदम येतात, नोकरीत त्याची सवय होते.

पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पुडी ओळखायला आईच हवी होती आणि आईला तर सांगायचं नव्हतं. मुलगी परत यायची तर तिचा शब्द मोडणं भाग होतं. मी मुलीच्या आईला ठाण्यात बोलावलं. कशी सुरुवात करावी या विवंचनेत होतो, तोवर त्यांनी गाठ बघून टेबलावरच्या पुड्यांतली एक उचलली.

“ही माजी.”

“ताई, तुमची मुलगी…” मी सुरुवात केली.

“अडचणीत आहे. मला ठाऊक आहे, साहेब.”

“कुणी सांगितलं?”

“तिनेच. फोनवर म्हणाली, आई, सुकेळी मिळाली, काय गोड होती.” त्यांनी पुडी खाली ठेवली. “त्या वेळी आभाळ भरलेलं होतं, ऊनच नव्हतं. सुकेळी आंबूस झाली होती, तरी तशीच पाठवली. तेव्हाच समजलं, हिला काही मिळालं नाही आणि ही काहीतरी लपवतेय. पण तिला वाटत होतं मी सुखात राहावं, म्हणून मीपण गप्प राहिले.”

मी पाणी मागवलं, ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, कुणास ठाऊक.

ओळख पटवल्याचा पंचनामा झाला, अहवाल दूतावासाकडे गेला आणि मुलगी घरी आली. मास्तरला शिक्षा झाली. चौकशीत आम्ही खोटं पकडायला शिकतो. ते कुणाच्या काळजीपोटी बोललं गेलं, हे विचारायला मला त्या बाईंनी शिकवलं.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी त्या दोघी पुन्हा ठाण्यात आल्या. मुलीने आता मान्यताप्राप्त कोर्स केला होता, परदेशातून नोकरीचं पत्र आलं होतं आणि परमिट होईपर्यंत ती इथून हलणार नव्हती. त्यासाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला हवा होता. मी सही केली. बाहेर पडताना आईने पिशवीतून एक पुडी काढून तिच्या हातात दिली.

“या वेळी आधी खा,” त्या म्हणाल्या, “मग सांग कशी झालीय.”