भुईगावची स्ट्रॉबेरी आणि शेजारची पानवेल

“मान कापून बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही,” मी म्हटलं. पास्कूमामांचा चेहरा उतरला.

मान म्हणजे स्ट्रॉबेरीच्या रोपाचा मातीलगतचा जाड भाग. आम्ही त्याला क्राउन म्हणतो. नव्वदच्या दशकात मी रोपं पुरवणाऱ्या एका कंपनीत ॲग्रोनॉमिस्ट होते. भुईगावला मामांच्या वाडीत आमची ट्रायल होती. तीन जाती शेजारी शेजारी, खत सगळ्यांना सारखंच. कोणती जात खत कसं खाते, फळ किती देते, गोडी किती, एवढं बघायचं. त्यातली सगळ्यात मोठ्या फळाची, कंपनीची लाडकी जात पानांच्या कडा करपून एकाएकी सुकायला लागली.

मान आतून तांबडी निघाली तर बुरशी. ती मातीत वर्षानुवर्षं ठाण मांडते. आणि कुंपणाला लागूनच मामांची पानवेल होती. विड्याच्या पानांवरच त्यांचं घर चालायचं. या कुळातली बुरशी पानवेलीलाही सोडत नाही. रोपं मी आणलेली.

सकाळीच नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून कंपनीतल्या साहेबांना फोन केला होता.

“उपटून जाळ. आणि गावात बोलू नकोस.”

“सर, त्यांची पानवेल?”

“आधी आपलं बघ.”

मी मामांना सगळं सांगून टाकलं.

“म्हंजे माझी वेल जाईल?”

“जाऊ शकते.”

त्यांनी क्रुसाची खूण केली आणि सुरी माझ्या हातात दिली. “काप, बाय.”

मी कापली. मान आतून मुळ्यासारखी पांढरी निघाली. म्हणजे बुरशी नव्हती. मग मुळं उकरली, तर वास आला.

“मामा, इथे मासळी कुठून आली?”

“सुकी मासळी कुटून घातली. पानवेलीला घालतो तशीच. नाताळात पहिली टोपली चर्चमध्ये न्यायची, फळ मोठं नको? आणि तिन्ही जातींना सारखी घातली हां. भेदभाव नाय केला.”

तिथेच गोम होती. पहिली जात खादाड. तिने सगळं पानांत घातलं. फळ मोजकं आणि पाणचट. लाडकी मिठाला नाजूक, खारवलेल्या मासळीने तिची मुळं भाजली. तिसरी सावकाश खाणारी. तिला काहीच झालं नाही. फळ बारकं, पण गोड.

मासळी काढून टाकली. गोड्या विहिरीचं पाणी भरपूर सोडलं, म्हणजे मीठ खाली वाहून जातं. लाडकी निम्मी वाचली. तरी कितीतरी दिवस मी आधी पानवेलीची मुळं बघायचे, मग स्ट्रॉबेरी. भीती काही जात नव्हती.

नाताळात मामांनी बारक्या फळांचीच टोपली चर्चमध्ये नेली.

“मग शेवटी कोणती जात चांगली?” साहेबांनी विचारलं.

“कोणाच्या वाडीत, त्यावर आहे,” मी म्हटलं.

पंगतीत सगळ्यांना सारखं वाढावं, वाफ्यात नाही. आणि कुठेही नवी जात लावायला गेले की मी पहिल्यांदा एवढंच विचारते, शेजारी काय आहे?