नेटवाटपाचं पाचवं कलम

त्या हंगामात बोंडअळी कापूस आतून पोखरत होती आणि मी पत्रकांतून व्यापारी, बियाणे कंपन्या, सरकार अशा सगळ्यांना फैलावर घेत होतो. यवतमाळात एका गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. हाक गावाच्या नावानं. दिग्रस एका कापूस जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता, मुकुटबन कृषी पदविका घेऊन नोकरी शोधत होता. मला मात्र दोघंही ‘नेता’ म्हणायचे, आणि त्यातला टोमणा कळायला मला बराच काळ लागला.

घरात इंटरनेटचं कनेक्शन एकच, तेही मरतुकडं. दिग्रसनं क्रिकेट लावलं, मी व्हिडिओ नेटवर चढवायला घेतला की मुकुटबनच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरायचं. मग मला जे येतं ते मी केलं. पत्रक लिहिलं. लाल स्केचपेननं मथळा: ‘समान हक्क, समान नेट!’ खाली पाच कलमं. प्रत्येकाला दोन-दोन तासांची पाळी, पाळी नसेल त्यानं वायफाय बंद ठेवायचं, वगैरे. पाचवं कलम: ‘जनहिताच्या कामास प्राधान्य राहील.’ हात वर करून ठराव मंजूर झाला. जनहित कोणतं ते कोण ठरवणार, हे कुणी विचारलं नाही. पेन माझ्या हातात होतं.

महिनाभरात पाचव्या कलमानं बाकीची चार खाल्ली. माझं भाषण जनहित. मोर्चाचे फोटो जनहित. आधी कुणी बोलायचं यावर तासभर भांडणारी आमची ऑनलाइन बैठक तर शुद्ध जनहित. एकदा मी कुस्ती पाहिली, तीही युवकांच्या आरोग्यासाठी.

आणि मुकुटबनला मुलाखतीचं बोलावणं आलं. मंगळवारी अकराला, व्हिडिओवर. ती वेळ माझ्या पाळीत येत होती. त्यानं एक तास मागितला. मी बैठक बोलावली.

“बियाणे कंपनी? जिच्याविरुद्ध मी पत्रकं छापतो तीच?”

“माहीत हाय ना नेता. बाजार समितीसमोर तुही पत्रकं म्याच वाटली.”

“मग हे जनहित कसं?”

“मी बी जनच हाओ ना बे,” मुकुटबन म्हणाला.

दिग्रस खो खो हसला. “काहून इतकं पारखून राह्यला? आमचा शेठ असाच गाडीत हात घालते, मूठभर कापूस ओढते, न् म्हणते, माल हलका हाय.”

व्यक्तिगत टीका नको, असं मी बजावलं आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढची बैठक बुधवारी होती.

मंगळवारी दहापासून माझं भाषण चढत होतं. विषय: मापातलं पाप. पावणेअकराला मुकुटबन इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा.

“अर्धं झालंय,” मी म्हणालो. “आता तोडलं तर पहिल्यापासून चढवावं लागेल.”

ते खरं होतं. भाषण आदल्या दिवशीही चढवता आलं असतं, हेही खरं होतं.

तो वाद न घालता खाली गेला. आमचे घरमालक, गॅरेजवाले चाचा, यांनी आपल्या फोनचं नेट त्याला जोडून दिलं. मी गॅलरीतून पाहत होतो. पांढऱ्या भिंतीला पाठ लावून तो स्टुलावर बसला. चाचांनी हातानंच खूण करून दोन्ही मिस्त्र्यांच्या हातोड्या खाली ठेवायला लावल्या. एका गिऱ्हाइकानं हॉर्न वाजवला तर दबक्या आवाजात त्याला झापलं, “अरे भाई, लडके का इंटरव्ह्यू है!” अर्धा तास गॅरेज गप्प. वर माझं भाषण शेवटच्या टप्प्यात आलं होतं. त्यात मी समानतेबद्दल फार छान बोललो होतो. पुढं ते पाहणारा मीच होतो, दोनदा.

आठवड्यानं त्याला दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलं. पुन्हा माझ्याच पाळीत. या वेळी बैठक नाही, काही नाही, पाचव्या कलमावर मी सरळ काट मारली.

“घे नेट. दोन तास घे. मी फोनच बंद करतो.”

तो बुटाला पॉलिश करत होता. त्यानं वर पाहिलंही नाही.

“राहू दे, नेता. मले खालीच बरं हाय. तिथं हात वर करा लागत नाई.”

जिना उतरल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं खालच्या हातोड्या थांबल्या.