चिंचोटीला घातलेलं पाणी

मी पाद्री झालो की आमच्या घरातलं एकही माणूस नरकात जाणार नाही, अशी माझ्या आईची पक्की समजूत होती. या 'घरातल्या' माणसांत ती आमच्या गड्यालाही धरत होती, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी पाद्री होण्यासाठी सेमिनरीत शिकत होतो, तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला. मे महिन्याच्या सुट्टीत राजोडीजवळच्या आमच्या गावी आलो, तर केळीच्या वाडीत रहाटामागे कोणी अनोळखी माणूस रेडा हाकत होता. आमचा गडी कुठे गेला म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, "पोट फुगलंय त्याचं. होळीलाच गावी गेला. आता काय परत येत नाय तो."

गडी डोंगराखालच्या चिंचोटीचा वारली. माझ्या जन्माआधीपासून तो आमच्याकडे होता. मला खांद्यावर बसवून त्याने वाडीभर फिरवलं होतं, विहिरीत पोहायला शिकवलं होतं, कोणता साप चावतो आणि कोणता नुसता भिववतो ते दाखवलं होतं. तो गोठ्यालगत झोपायचा, अंगणात बसून केळीच्या पानावर जेवायचा आणि करवंटीतून पाणी प्यायचा. इतक्या वर्षांत त्याने आमचा उंबरा ओलांडलेला मला आठवत नाही. त्यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कोणाला वाटलंही नव्हतं. आम्ही ख्रिस्ती होऊन चारशे वर्षं होत आली होती, पण "आपुन मूळचे बामन" हे आई अजूनही मान ताठ करून सांगायची.

सेमिनरीत मात्र मी बामण नव्हतो. तिथे युरोपातून आलेल्या फादरांचं टेबल वेगळं होतं आणि बाकी आम्ही सगळे नेटिव होतो. तत्त्वज्ञान शिकवणारे फादरही तिकडचेच. मोठे विद्वान आणि मनाने खरोखर दयाळू. माणूस म्हणजे बुद्धी आणि इच्छा असलेला जीव, हे त्यांनी आम्हाला महिनाभर समजावून सांगितलं होतं. बोलता बोलता एकदा म्हणाले, की रानात राहणाऱ्या जमातींमध्ये ही बुद्धी अजून झोपलेली असते. ती माणसं लेकरांसारखी. त्यांचं भलं कशात आहे ते दुसऱ्यानेच ठरवावं लागतं. मी ते वहीत उतरवून घेतलं. लिहिताना आमचा गडी डोळ्यांपुढे आला, आणि फादर माझ्याविषयी बोलत नाहीत याचं मला बरं वाटलं. जेवणाच्या वेळी त्या वेगळ्या टेबलाकडे नजर गेली, तेव्हा मनात आलं, की तिथे आमच्याविषयीही हेच बोलत असतील. 

सुट्टीचा दुसरा आठवडा. गड्याचा जावई लाकडाच्या मोळ्या घेऊन आमच्या बाजूला आला होता. त्याने सांगितलं, म्हातारा आता दोन-चार दिवसांचा सोबती आहे. आई भाजी निवडत होती. ती तशीच उठली.

"गाडी जुंप," ती मला म्हणाली. "तू पानी घाल त्याला."

"कसलं पाणी?"

"बाप्तिस्म्याचं. मरत्या माणसाला कोनीबी घालू शकतो, तूच सांगितलेलंस ना मला?"

सांगितलं होतं खरं. बाबा म्हणाले, "त्यांचा देव त्यांना हाय. कशाला जातेस?" आई त्यांच्यावर उसळली, "बावीस वर्षं राबला तो आपल्यासाठी. त्याला जळू देऊ?" बाबांनी तोंड फिरवलं. आमच्या घरात देवाच्या गोष्टी आईच ठरवायची.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. सोपाऱ्याचं रेल्वे फाटक ओलांडून आचोळ्यावरून डोंगराच्या दिशेने गाडी चालली होती. गावच्या चर्चमधल्या पवित्र पाण्याची बाटली आईने पदरात गुंडाळून मांडीवर धरली होती. ती जपमाळ ओढत होती आणि मधेच थांबून मला विचारत होती, "लॅटिनमधनं म्हनायचं ना? चुकनार नायस ना?" मी मान हलवत होतो. शब्द मला येत होते, त्याची भीती नव्हती. मी सेमिनरीचा झगा घातला होता आणि त्याच्या आत माझ्या पाठीवरून घाम वाहत होता.

गड्याचं घर आम्ही दोघांनीही पहिल्यांदाच पाहिलं. कारवीच्या कुडाचं, इतकं ठेंगणं की आईला वाकून आत जावं लागलं. तो चटईवर पडला होता. हातपाय काटक्या झालेले आणि पोट तेवढं मोठं. मला पाहून त्याचे डोळे हसले.

"बाबू, मोठा पाद्री झालास."

"अजून नाही झालो," मी म्हणालो.

त्याच्या बायकोने आम्हा दोघांना करवंटीतून पाणी दिलं. "तहान नाय," म्हणून आईने आपलं बाजूला ठेवलं. इतक्या उन्हातून आलो होतो. मी माझं पाणी पिऊन टाकलं, मग तिचंही प्यायलो.

आईने मला कोपराने ढोसलं. मी त्याच्या उशाशी बसलो आणि शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं, की तुझ्या डोक्यावर देवाचं पाणी घालावं अशी आईची इच्छा आहे.

"तेच्यानं बरा होईन?"

"नाही. पण मेल्यावर तू आमच्या देवाकडे जाशील. स्वर्गात."

तो म्हणाला, "तठं माझा कोन हाय?"

आई जपमाळ ओढतच होती.

"माझा बापूस तठं हाय? माझी दोन पोरं मेली, ती हाईत?"

सेमिनरीत शिकलेलं उत्तर मला माहीत होतं. त्यातलं कोणी तिथे नव्हतं. त्यांना पाणी कोणी घातलं नव्हतं. मी म्हणालो, "ते मला सांगता येणार नाही."

"मंग मी यकटा तठं काय करू? तुमचा रहाट हाकू?"

तो थट्टा करत नव्हता, खरंच विचारत होता. त्याची बायको दारात बसली होती. ती म्हणाली, "आमी भगत बोलावलाय. सांजच्याला येल. तुमी काय करू नका."

तेवढ्यात आई रडायला लागली. मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. ती त्याच्या पायांशी बसली, त्या माणसाच्या, ज्याची सावली ती कधी स्वयंपाकघरावर पडू देत नव्हती. "माझं ऐक," ती म्हणत होती, "एवढं माझं ऐक रे." ती खोटं रडत नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. त्याला नरकाच्या आगीत जळताना ती अगदी स्पष्ट पाहत होती.

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "बाय रडतेय. घाल पानी, बाबू. बायला बरं वाटंल."

आजही मला ठरवता येत नाही, तो होकार होता की नव्हता. त्याची इच्छा नव्हती, एवढं मला कळत होतं. मालकिणीचा शब्द जन्मभर ऐकला, तसा त्याने हाही ऐकला होता. बुद्धी झोपलेली नव्हती त्याची. आमच्या तिघांत फक्त त्याचीच जागी होती. मी "नको" म्हणायला हवं होतं. पण आईचा हात माझ्या खांद्यावर होता, बाटलीचं बूच तिने काढून ठेवलं होतं, आणि समजा ती सगळी शिकवण खरी असली तर? सहा वर्षं मी तीच खरी म्हणून शिकत होतो. ती सोडली तर मी कोण उरत होतो, हे मला माहीत नव्हतं.

मी पाणी घातलं. लॅटिन शब्द बिनचूक म्हटले. आईने घाईघाईत एका संताचं नाव सुचवलं, ते त्याला ठेवलं. त्याने नाव विचारलं नाही. पाणी कपाळावरून कानात गेलं, ते त्याच्या बायकोने पदराने टिपलं.

दोन दिवसांनी तो गेला. आम्हाला कळेपर्यंत त्यांनी त्याला जाळलंही होतं. आईने आमच्या गावच्या फादरांना सगळं सांगितलं. त्यांनी त्याचं नवं नाव नोंदवून घेतलं आणि म्हणाले, "देह जाळला, त्याला आता इलाज नाही. देव बघून घेईल." आईने त्याच्यासाठी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना मागितली. तिच्या चेहऱ्यावर इतकी शांती होती, की मला तिच्याकडे बघवेना.

माझी सुट्टी संपायला आली होती, तेव्हा त्याची बायको आमच्याकडे आली. एवढ्या लांबून चालत. अंगणात बसली. आईने तिला भात आणि सुकी मासळी वाढली. तिने पानाला हात लावला नाही. मला म्हणाली, "भगतानं दिस घातलं. तेला हाका मारल्या. तो येत नाय."

"म्हणजे?"

"आमचा मेलेला मानूस हाक मारली का येतो. भगत बोलतो, हा तुमचा नाय ऱ्हायला, तेला पानी घातलंय. मंग तुमी तेला कुठं धाडला, सांगा. मी तठं हाक मारते."

आई म्हणाली, "तो स्वर्गात हाय, बाय. सुखात हाय. रडू नको."

"वाट कशी तठंची?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी एवढा शिकलेला, मीच सांगावं, असं तिला वाटलं असणार. मी "मला माहीत नाही," एवढंच म्हणालो. त्या बाईने ते ऐकलं आणि ती उठून गेली.

सेमिनरीत परतल्यावर मी त्या विद्वान फादरांना गाठलं आणि घडलं ते सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. शब्द नीट उच्चारले होते का, पाणी त्वचेला लागलं होतं का, ते विचारलं. मग माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, "विधी वैध आहे. तू एक आत्मा वाचवलास." त्याच्या बायकोचं काय, हे मी विचारलं नाही. त्यांच्याजवळ या प्रश्नासाठी जागा नव्हती, आणि माझ्याजवळही शब्द नव्हते, ना लॅटिनमध्ये, ना आमच्या बोलीत.

वर्षाच्या आत मी सेमिनरी सोडली. तब्येत बिघडली म्हणून, असं आईने गावात सांगितलं. पुढे शाळामास्तर झालो. रविवारी मिस्साला जातो, प्रार्थना तोंडपाठ आहेत, त्या म्हणतोही. मी कोण, असं कुणी विचारलं तर ख्रिस्ती म्हणतो. दुसरं काय म्हणणार? पण आत कुठेतरी पाय जमिनीला टेकत नाहीत.

तीन-चार वर्षांनी सोपाऱ्याच्या बाजारात गड्याचा जावई भेटला. गाडीत गवत भरत होता. त्याने सांगितलं, म्हातारीने हट्टाने दुसरा भगत बोलावून पुन्हा दिवस घातले.

"मग? आला का तो?" मी विचारलं.

"म्हातारी बोलते, आला," तो म्हणाला. "भगत बोलतो, नाय."

त्याने गवताची दोरी आवळली आणि बैल जुंपायला घेतले.